वल्ह्याला लावलेला कान

हिरामावशी डावा हात वर करायची. कोपर टेबलावर टेकलेलं, तळहात समोर, बोटं जुळलेली. झोळीत मूल झोपलेलं असताना दारात कुणी आलं की आई करते ना, तसा. तो हात वर गेला की आमचा अख्खा गाळा गप्प व्हायचा. ड्रिल थांबायचं, सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायकांच्या गप्पा थांबायच्या, आणि आमचे मालक नरेनभाई फोनवर कुणाला झापत असले तर तेही वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मालकाला गप्प करणारा हात मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. मी दोन्ही हात वर केले तरी कुणी ढुंकून बघत नाही, आजही.

गाळा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. माणसं बारा-तेरा. आम्ही पॉवर सप्लाय बनवायचो. म्हणजे भिंतीतून येणारी वीज घ्यायची, तिचं वर-खाली होणं काढून टाकायचं, आणि मशीनला हवी तशी सपाट वीज पुढे द्यायची. ती पूर्ण सपाट कधीच होत नाही. वर बारीकशी थरथर उरते, तिला रिपल म्हणतात. ही थरथर किती आहे ते तपासून माल पास करणं हे हिरामावशीचं काम. मी इंजिनिअर म्हणून नवीन लागले तेव्हा मला वाटलं, हे एखाद्या मीटरवर होत असेल. ते तिच्या कानावर होत होतं.

तिच्याकडे एक काळा, जडशीळ हेडफोन होता. त्याचा एकच कान चालायचा. सप्लाय आणि हेडफोन यांच्यामध्ये तिने एक कपॅसिटर जोडला होता. कपॅसिटर स्थिर वीज अडवतो आणि हलणारी तेवढी पलीकडे सोडतो. मावशी म्हणायची, "उभं पाणी तिकडंच राहतं, लाट तेवढी कानाशी येते." हात वर, डोळे मिटलेले. मग दोनपैकी एक निकाल. सप्लाय चांगला असेल तर "शांत". थरथर जास्त असेल तर "हाय गो". बस. तिसरा शब्द नाही. 'शांत' असेल त्याला ती हिरवं लेबल लावायची, आणि त्या लेबलवर खाली इंजिनिअर म्हणून मी सही ठोकायची.

अर्थात पहिल्याच आठवड्यात मी भांडले. डिग्री घेऊन आले होते, गप्प कशी बसणार? एका सप्लायला ती "हाय गो" म्हणाली आणि मी तो आमच्या म्हाताऱ्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची रेघ दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून तिला दाखवलं. पडद्यावर रेघ अगदी सरळ होती.

"बघा मावशी, काहीच नाहीये. तुम्ही उगाच नापास केलात."

"तुम्ही कुणाला बोलते? मी एकटीच तर हाय हितं."

"म्हणजे?"

"मना तू बोल. आणि ती रेघ जरा मोठी करून बघ."

रेघ मोठी केली. मग अजून मोठी केली. सरळ रेघेवर लहान लहान कुबडं दिसायला लागली, एकसारखी, ओळीने. मावशीने हेडफोन काढून ठेवला. डबा काढला आणि जिन्यात जेवायला गेली. जिन्यात अशासाठी की डब्यात बहुतेक जवळा नाहीतर सुकट असायची आणि नरेनभाई कांदासुद्धा न खाणारे. त्या दिवशी मीही माझा डबा घेऊन जिन्यात गेले, आणि मग पुढची साडेपाच वर्षं आम्ही जिन्यातच जेवलो.

ती खारदांड्याच्या कोळीवाड्यातली, होडी चालवणाऱ्या तांडेलांची मुलगी. आई, वहिनी, मावसबहिणी सगळ्या मासळी विकणाऱ्या. ही एकटी दहावी झाली, वायरिंग शिकली आणि कारखान्यात आली. मी विचारलं, तू का नाही बसलीस बाजारात? म्हणाली, "मना आवाज चढवता येत नाय गो. घरात सगळ्याच वरडतात. कुणीतरी ऐकायला नको?"

ऐकणं ती बापाकडून शिकली. तिचा बापूस दर्यात जाळं टाकण्याआधी होडी थांबवायचा, वल्हं पाण्यात उभं धरायचा आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. घोळ, ढोमी असले मासे पाण्याखाली आवाज करतात. ढोलकीवर कुणी बोटं घोळवावीत तसा तळाचा, घुमणारा. पाण्यातून लाकडात, लाकडातून कानाच्या हाडात. बापूस बोट करायचा, तिकडे जाळं पडायचं. बाईने होडीतून दर्यात जायची रीत नाही, म्हणून हिराला त्याने कधी नेलं नाही. पण भरतीला होडी किनाऱ्याशीच तरंगत असली की तो तिला आत बसवायचा, वल्हं हातात द्यायचा.

"मग ऐकलेस मासे?"

"एकदा. लय लहान होते. बापूस बोलला, ढोमी हायत, पोरं हायत त्यांची. मी ऐकतच बसले. पाणी उतरलं, होडी वाळूला टेकली, तरी मी वल्हं सोडलं नाय."

हे सांगताना ती जिन्याच्या जाळीतून बाहेर बघत होती. जाळीतून दुपारचं ऊन पायरीवर पडलेलं होतं आणि त्या उन्हात बारीक धूळ तरंगत होती. मला तेव्हा वाटलं, ही इथे नाहीच आहे. ही अजून त्या होडीत आहे आणि आपण तिला उगाच अंधेरीत बसवून ठेवलंय.

जेवण झालं की ती दहा मिनिटं टेबलावर डोकं टेकायची. गाल लाकडावर, डोळे मिटलेले. सगळ्यांना वाटायचं, झोपली. झोपलेली नसायची, ती इमारत ऐकायची. खालच्या मजल्यावरचं लेथ, टाकीत पडणारं पाणी, वरून विमान गेलं की खिडकीच्या काचेचं गुणगुणणं. मधेच त्याच अवस्थेत पुटपुटायची, "लिफ्ट आली." अर्ध्या मिनिटाने मालवाहू लिफ्टचं दार खणकन आपटायचं. मला हे जादूसारखं वाटायचं. मग तिनेच सांगितलं की लिफ्टची मोटर सुरू झाली की इमारतीतली वीज क्षणभर खचते आणि ट्यूबलाइटचं गुणगुणणं तेवढ्यापुरतं खाली बसतं. मी एकदा तिच्या शेजारी गाल टेकवून पाहिला. लाकूड गार होतं. आधी काहीच नाही, मग हळूहळू सगळं एकत्रच येऊ लागलं, लांबून, पाण्याखालून आल्यासारखं. आणि मग मला खरोखरच झोप लागली. नरेनभाईंनी दोघींचा फोटो काढून ठेवला, तो अजून माझ्याकडे आहे.

आमच्याच गल्लीत मालिकांचं डबिंग करणारा एक स्टुडिओ होता. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायला लागली. सप्लाय आमचा, म्हणून बोलावणं आम्हाला. मावशीने हेडफोन लावला, हात वर केला. समोरच्या काचेपलीकडे एक नट माइकपुढे रडण्याची तयारी करत होता, तोही थांबला. मावशी उठली आणि वायरीच्या मागे मागे चालत बाहेरच्या बैठकीत गेली. तिथे काचेचं मोठं मत्स्यालय होतं, सोनेरी मासे, बुडबुडे सोडणारा पंप. तिने पंपाची पिन काढली. घरघर गेली. स्टुडिओवाला हात जोडून धन्यवाद म्हणत होता आणि मावशी माशांकडे एकटक बघत होती.

"हे खायचे नाय ना?"

"नाही नाही मावशी, शोभेचे आहेत."

"मंग पंप गप बसवला ते बरं झालं बिचाऱ्यांना. त्या पंपाच्या आवाजात ऱ्हायचं म्हंजे."

सगळं असंच चालत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण सप्लायची जातच बदलली. जुन्या सप्लायमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर असायचा, त्याची थरथर जाड, घुमणारी, कुणालाही ऐकू येईल अशी. नवीन सप्लाय हलके, छोटे, आणि आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी. त्यांची थरथर इतकी भरभर असते की माणसाच्या कानाला लागतच नाही. मला हे माहीत होतं. पुस्तकात होतं. तरी मावशी नव्या सप्लायला हेडफोन लावून "शांत" म्हणत गेली आणि मी खाली सही करत गेले. म्हाताऱ्या ऑसिलोस्कोपला लावावं तर त्याची लांब वायर आजूबाजूचा सगळा कचरा ओढून घ्यायची, चांगल्या-वाईट सगळ्याच रेघांवर केस उगवलेले दिसायचे. मावशी शांत म्हणतेय ना, मग झालं. खरं सांगते, मला आजही त्या सह्यांची लाज वाटते.

एका गिऱ्हाइकाकडून माल परत आला. ते लोक तान्ह्या बाळांची ऐकण्याची तपासणी करणारं मशीन बनवत होते. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक आवाज सोडायचा आणि कान उत्तर देतो का ते बघायचं. आमच्या सप्लायची थरथर मशीनच्या स्वतःच्या विजेत मिसळून तिसराच एक बारीक सूर तयार व्हायचा, आणि तो बाळाच्या कानापर्यंत जायचा. मशीन गोंधळायचं. चांगल्या कानाच्या मुलाला ऐकू येत नाही, असं सांगायचं. नशीब, हे त्यांच्याकडच्या चाचणीतच कळलं. एकही मशीन बाहेर गेलं नव्हतं.

नरेनभाई ओरडले नाहीत. बारा सप्लाय टेबलावर ठेवले आणि गेले. मावशी एकेक उचलून त्यावरचं हिरवं लेबल बघत होती.

"आणि नसतं कळलं तर?" ती म्हणाली.

"कळलं ना पण."

"नसतं कळलं तर गो. कुनाच्या तरी लेकराला बहिरं बोलले असते. आणि खाली माझं 'शांत'."

"मावशी, ऐक. हा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. तुलाच नाही, मलाही नाही. माणसाचा कान तिथपर्यंत पोचतच नाही."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "कुनालाच नाय?"

"कुणालाच नाही."

तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तेव्हा मला वाटलं, माल परत आल्याचं ओझं. कसलं ओझं ते मला कळायला अजून अडीच महिने होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात जेवताना ती म्हणाली, "बापूस आणि काका दोन बोटी एकदम चालू करायचे. दोनी इंजिनं धडधडायची. पण एक जरा हळू. मंग दोघांच्या मधनं तिसराच आवाज यायचा. उंऽऽ, उंऽऽ. येतोय, जातोय. इंजिनांची चाल जवळ आणली की तो एकदम संथ. लांब नेली की भरभर."

"बरं मग?"

"मंग आपन तसं नाय करू शकत? त्या सप्लायच्या शेजारी आपली एक बोट लावायची. चाल जवळ आनायची. जो तिसरा आवाज निघंल तो कानाला येईल."

माझा घास हातातच राहिला. हे मी शिकले होते. दोन सेमिस्टर शिकले होते, त्यावर परीक्षा दिली होती, वर चांगले मार्क मिळवले होते. ज्या तऱ्हेने त्या मशीनमध्ये तो सूर तयार झाला नेमकी तीच तऱ्हा. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

अडीच महिने आम्ही ते सर्किट करत होतो. आधी तिचा कपॅसिटर, तो तिने बदलू दिला नाही. मग थरथर मोठी करणारा एक भाग. मग आमची 'बोट', म्हणजे स्वतःची थरथर तयार करणारा भाग, त्याची चाल बदलायला एक बटण, एक ते दहा आकड्यांचं, आकडा जितका लहान तितका तिसरा आवाज जाड. दोन्ही एकत्र मिसळायच्या आणि मधला सूर हेडफोनला द्यायचा. पहिल्यांदा चालू केलं तर सप्लाय लावायच्या आधीच शिट्टी. आमच्याच सर्किटला वीज देणारा सप्लाय थरथरत होता. मावशी हसत सुटली. "डाक्टरचाच हात कापतोय, नाडी काय बघनार?" मग बॅटरी लावली. मग वायर कापत कापत अर्ध्या बोटाएवढी आखूड केली, म्हणजे आजूबाजूचा कचरा ओढणार नाही. आणि बाहेरच्या विजेच्या कचऱ्यापासून वाचवायला पत्र्याचा डबा हवा होता, तर बाईने घरून जवळ्याचा डबा आणला. तीन वेळा धुतला, तरी वास गेला नाही. नरेनभाई आमची प्रगती बघायला यायचे ते नाकाला रुमाल लावून.

लाइट खचली तर ते पकडायला मी एक लाल दिवा टाकला. मावशीची अट होती, "एकदा पेटला की विझायचा नाय. मी चहा प्यायला गेले तरी मागं साक्ष ऱ्हायला पायजे." तिच्याइतकं 'लिफ्ट आली' सांगणारं यंत्र पहिल्यांदाच तयार झालं होतं. लिफ्ट आली की दिवा पेटायचा आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसायचो.

पहिली खरी चाचणी जेवणाच्या सुट्टीत केली. गाळा रिकामा, पंखे बंद. परत आलेल्या बारातला एक सप्लाय लावला. मी माझ्यासाठी दुसरा हेडफोन आणला होता. मावशीने डोळे मिटले, हात वर केला. बटण आठावर होतं.

मला लगेच ऐकू आला. बारीक, टोकदार, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसला. इतके दिवस ज्याच्या मागे होतो तो. मी आनंदाने मावशीकडे बघितलं.

तिचा हात वरच होता.

"आला ना?" मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुला येतोय?"

"अगं म्हणजे काय, केवढा मोठा आहे."

 हात तसाच वर ठेवून ती दुसऱ्या हाताने बटण हळूहळू मागे आणायला लागली. सात. सहा. माझ्या कानात शिट्टीची बासरी झाली. पाच. बासरी जाड झाली. मला आता वाटायला लागलं की तिने थांबावं. साडेचार. चार. चारच्या जरा खाली तिचा तळहात एकदम टेबलावर आला.

"हाय गो," ती म्हणाली.

पंखा लावायला मी उठले, कारण मला तिच्याकडे बघवेना. मागून ती शांतपणे म्हणाली, "तू बोललीस, कुनालाच नाय येत. आठावर तुला आला. मना चारावर."

"मावशी, वयाने होतं असं. सगळ्यांचंच वरचं ऐकू येणं आधी जातं."

"मना ठाव होतं. पोरी हळू बोलतात तेव्हा निसती त्यांची तोंडं हलताना दिसतात. बारा डबे परत आले तेव्हा वाटलं, गेलं आता, कान गेला म्हनूनच झालं हे. मंग तू बोललीस कुनालाच नाय येत. मना लय बरं वाटलं त्या दिवशी."

तिने डब्यावर बटणाशेजारी, जिथे तिला सूर आला तिथे, पेन्सिलने बारीक रेघ मारली. मग माझ्याकडे पेन्सिल दिली. "तू धर ही. दर महिन्याला बघू. आणि शेठला बोलू नको."

मी नाही बोलले. बोलायचं कारणही नव्हतं. बटण चारच्या खाली ठेवलं की तिचं काम पूर्वीइतकंच पक्कं होतं. नव्या सप्लायची थरथर ती आता पकडत होती, कुणाला नापास करत होती, गिऱ्हाईक परत आलं, नरेनभाई खूश. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जेवणानंतर मी पेन्सिल घेऊन बसायचे. ती डोळे मिटून बटण आठापासून मागे आणायची आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, आत्ता, आत्ता म्हण, आत्ता. साडेतीन. सव्वातीन. काही महिने रेघ जागची हलली नाही तेव्हा मी नाक्यावरून जिलेबी आणली. मग एकदम अडीच. सप्लायची थरथर मोजायला बनवलेला तो डबा दर महिन्याला माझ्या हिरामावशीला मोजत होता, आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

रेघ दोनच्या जवळ आली तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, "ह्याला काटा लावता येईल?"

काटा लावणं म्हणजे ऐकायची गरजच संपवणं. सूर किती मोठा आहे ते काट्याने दाखवायचं, लाल रेघेच्या पुढे गेला की नापास. तासाभराचं काम होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि म्हणूनच मी तोंडातून काढलं नव्हतं.

"नाही लावायचा," मी म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? काटा लावलास की तुझ्या खुर्चीवर रस्त्यावरचा कुणीही येऊन बसेल. तुला कळतंय का तू काय बोलतेस? अजून दोन-तीन वर्षं आरामात जातील तुझी. खाली अजून जागा आहे बटणाला."

"बसू दे."

"आणि तू काय करणार?"

ती पत्र्यावरच्या रेघांवरून बोट फिरवत होती. "ती मशीन असते ना, लेकराला झोपवून कान तपासतात ती. त्या आईला कुठं ठाव असतं, हिराचा कान किती उरलाय ते. तिला वाटतं, शांत लिहिलंय म्हंजे शांत."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. जिन्यात जेवायलाही गेले नाही, टेबलापाशीच बसून पोळी-भाजी गिळली. मला तिचा राग आला होता, कारण ती बरोबर होती. तिसऱ्या दिवशी मी काटा आणला.

लाल रेघ कुठे मारायची ते मात्र मी पुस्तकातून काढलं नाही. तिनेच ठरवलं. चाळीस सप्लाय एकापाठोपाठ लावले, बटण दोनाच्या खाली, हात वर, डोळे मिटलेले. "शांत." "शांत." "हाय गो." "शांत." मी प्रत्येक वेळी काटा कुठे आहे ते लिहीत होते. तिला दमायला झालं होतं, हेडफोन कानावर दाबून धरत होती. शेवटी शांत आणि हाय यांच्या मधोमध मी रेघ मारली. तो काटा आजही तिचंच ऐकतो.

मग तिने हात वर केला आणि नरेनभाई फोन ठेवून आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, रेघांसकट. ते रुमाल न लावता डब्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हिराबेन, तुम्ही बसा ना इथेच. नवीन लोकांना शिकवा." ती म्हणाली, "काय शिकवू? काटा बघायला?" तरी दिवाळीपर्यंत राहिली. शेवटच्या दिवशी मी विचारलं की आता हे सर्किट नीट नव्या खोक्यात बसवू का, तर नरेनभाई म्हणाले, नाही, डबा तोच राहू दे. कांदा न खाणारा माणूस. तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे, दमट हवेत वासही मारतो.

गेल्या वर्षी आम्ही त्या सर्किटची दहा मीटर बनवली, विकायला. छान निळी खोकी, वर काटा, बाजूला लाल दिवा. पहिलं मीटर घेऊन मी रिक्षा केली आणि खारदांड्याला गेले. मधे सात-आठ महिने भेट नव्हती. फोनवर बोलणं व्हायचं नाही, कारण तिला ऐकू यायचं नाही आणि तिला ओरडून बोलायला माझी जीभ वळायची नाही. दारात तिची सून मासे सुकायला मांडत होती.

"होडीत जाऊन बसलीय. भरती आली की जाते. कानाचं मशीन आणलं तर डब्यात घालून ठेवलंय," सून म्हणाली. "बघा तुम्ही सांगून."

दुपार कलली होती. पाणी पार वरपर्यंत आलं होतं, आणि किनाऱ्याशी बांधलेल्या होड्या संथ हलत होत्या. समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे, मधली रेघ दिसत नव्हती. शेवटच्या लहान होडीत ती पाठमोरी बसली होती. वल्हं पाण्यात उभं, वरचं टोक कानामागच्या हाडाला लावलेलं, डोकं त्यावर कललेलं.

"मावशी," मी हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. मानसुद्धा हलली नाही. मला एकदम रडू आलं. इतकी गेली हिची ऐकण्याची ताकद, आणि मी पेन्सिल धरून बसले होते. मी गुडघाभर पाण्यातून गेले आणि खोकं छातीशी धरून होडीच्या फळीवर पाय ठेवला.

होडी जराशी खचली. मावशीने मागे न बघता डावा हात वर केला. तळहात समोर, बोटं जुळलेली.

मी होते तिथेच फळीवर बसले. श्वाससुद्धा हळू घेतला. पाणी होडीच्या अंगाला लागत होतं आणि हात वरच होता. आमच्या डब्यावर रेघ खाली खाली येत गेली होती, आणि त्या सगळ्या रेघांच्या खाली जो तळाचा, घुमणारा आवाज उरतो, तो तिने लहानपणी याच पाण्यात ऐकला होता. किती वेळ गेला, माहीत नाही. मी खोकं उघडलंच नाही.

मग हात हळूच खाली आला आणि वल्ह्यावर टेकला.

"हाय गो," ती म्हणाली.